पट्टी दाबली, आवाज मात्र गुदमरलेला: ॲनालॉग सिंथमधला दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रारीचे शब्द बहुतेक वेळा ठरलेले असतात. "काल रात्री छान वाजत होता, आज आवाजच नाही." "खालच्या पट्ट्या वाजतात, वर गेलं की गप्प." "आवाज येतोय, पण तोंडावर उशी दाबल्यासारखा." निदानही ठरलेलं असतं: फिल्टर गेला. मग सिंथ (सिंथेसायझर) उघडला जातो आणि आतल्या बोर्डावरच्या ज्या ट्रिमरला (जुळवणीच्या बारीक स्क्रूला) हात लावायचं काही कारण नव्हतं, तोच फिरवला जातो.

फिल्टर क्वचितच जातो. सब्ट्रॅक्टिव्ह सिंथेसिस ही वजाबाकी आहे. ऑसिलेटर हार्मोनिक्सनी (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांनी) ठासून भरलेली लहर देतो, फिल्टर त्यातलं नको ते काढतो, ॲम्प्लिफायर उरलेल्याला सुरुवात आणि शेवट देतो. जे ऐकू येत नाही ते वाटेत कुठेतरी वजा झालेलं असतं. म्हणून शोधही त्याच वाटेने करायचा: आधी सगळ्या वजाबाक्या रद्द करायच्या, मग एकेक परत लावायची. ज्या नॉबपाशी आवाज जातो, तिथे बघायचं.

आधी पॅच कोरा करा

पॅच म्हणजे नॉब, स्विच आणि केबलची सध्याची मांडणी. मूगचा मिनिमूग असो, रोलँडचा एसएच-१०१ असो की कालपरवा घेतलेला छोटा सेमी-मॉड्युलर (आतून जोडलेला, पण केबलने वाट बदलता येणारा), क्रम हाच ठेवा:

१. मिक्सरमध्ये एकच ऑसिलेटर, लहर सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी), सप्तकाचा स्विच ८ फुटांवर. बाकीचे ऑसिलेटर, नॉइज, बाहेरचा इनपुट शून्यावर. लेव्हल निम्म्यावर, मिनिमूगच्या जातीत मिक्सर त्याच्या बराच वर नेला की फिल्टर आपोआप ओव्हरड्राइव्ह व्हायला लागतो (आवाज फाटतो) आणि तोच दोष वाटतो.
२. कटऑफ (ज्याच्या वरचं फिल्टर कापतो ती हद्द) पूर्ण उघडा. रेझोनन्स (कटऑफपाशीचे स्वर उठवणारा नॉब) शून्य. फिल्टरचा एन्व्हलप अमाउंट, म्हणजे नोटेसोबत चढणारं-उतरणारं व्होल्टेज कटऑफ किती हलवतं ते, शून्य (मध्यभागी शून्य असलेला नॉब असेल तर नेमका मध्यावर). कीबोर्ड ट्रॅकिंग (पट्टीबरोबर कटऑफ सरकवणं) बंद.
३. ॲम्प्लिफायरचं एन्व्हलप: अटॅक (चढायचा वेळ) शून्य, सस्टेन (पट्टी धरलेली असतानाची पातळी) पूर्ण, रिलीज (सोडल्यावर विझायचा वेळ) अगदी कमी.
४. एलएफओचे (आवाज हलवणाऱ्या मंद ऑसिलेटरचे) सगळे नॉब शून्यावर, मॉड्युलेशन व्हील खाली, ग्लाइड (सूर घसरत नेणं) बंद.
५. जॅकमधल्या सगळ्या पॅच केबल काढा.

आता ११० हर्ट्झचा ए हा पाश्चात्त्य स्वर वाजवा. करकरीत, सपाट, चिडलेल्या भुंग्यासारखा आवाज यायला हवा. सॉटूथमध्ये सगळे हार्मोनिक असतात आणि त्यांची ताकद क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात उतरते: दुसरा निम्मा, तिसरा एक तृतीयांश. म्हणून तपासणीला तीच लहर घ्यायची. ट्रँगलमध्ये फक्त विषम हार्मोनिक असतात आणि ते क्रमांकाच्या वर्गाने घटतात, तिसराच नवव्या हिश्श्यावर येतो. असल्या लहरीवर फिल्टर चालतोय की नाही, हे कानाला कळत नाही.

कोऱ्या पॅचवरही काहीच ऐकू येत नसेल तर

ऑसिलेटर शून्यावर आणून नॉइज वाढवा. पट्टी दाबल्यावर फुस्स आवाज आला, तर फिल्टर आणि ॲम्प्लिफायर ठीक आहेत, घोळ ऑसिलेटर किंवा मिक्सरमध्ये आहे. नॉइजही येत नसेल तर सगळे स्रोत शून्यावर ठेवा, कटऑफ मध्यावर आणा आणि रेझोनन्स पूर्ण वाढवा. बहुतेक चार-पोल (चार टप्प्यांत कापणारे) फिल्टर अशा वेळी स्वतःच शिट्टी वाजवायला लागतात. पट्टी दाबून ठेवल्यावर शिट्टी ऐकू आली, तर फिल्टरपासून पुढचा रस्ता मोकळा आहे.

शिट्टीही नसेल तर बहुतेक ॲम्प्लिफायर उघडतच नाहीये: गेट (पट्टी दाबल्याचं सांगणारं व्होल्टेज) पोचत नाहीये किंवा एन्व्हलप चालत नाहीये. एसएच-१०१ वर व्हीसीएचा (व्होल्टेजने चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) स्विच 'एन्व्ह' वरून 'गेट' वर नेला की एन्व्हलप बाजूला पडतं. तिथे आवाज आला तर एन्व्हलपच्या बाजूला बघा. त्याच सिंथवर ट्रिगरचा स्विच चुकून 'एलएफओ' वर राहिला, तर एन्व्हलप एलएफओच्या प्रत्येक फेरीला नव्याने सुरू होतं. एलएफओ अगदी हळू असला की पट्टी आणि आवाज यांचा काही संबंधच उरत नाही. काही यंत्रांवर ड्रोन किंवा होल्डचा स्विच असतो. तो चालू केल्यावर आवाज आला, म्हणजे कीबोर्डकडून किंवा मिडीकडून (वाद्यं जोडणाऱ्या डिजिटल केबलकडून) गेट येत नाही. मिडी चॅनल बघा आणि 'लोकल' (स्वतःच्या कीबोर्डवरून वाजणं) बंद करून ठेवलंय का तेही बघा.

बाहेरच्या सिक्वेन्सरवरून (आपोआप नोट पाठवणाऱ्या यंत्रावरून) वाजवताना आणखी एक गोची होते. कॉर्ग एमएस-२० ला नेहमीचा पाच व्होल्टचा गेट चालत नाही. त्याचा ट्रिगर उलटा असतो, रेषा जमिनीला टेकली की नोट सुरू. सुरासाठीही तो प्रत्येक सप्तकाला एक व्होल्ट घेत नाही, दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट मागतो: १, २, ४. साध्या सिक्वेन्सरला जोडला की नोट भलत्याच वेळी सुटतात आणि सप्तकं विचित्र अंतरावर पडतात. त्यात बिघाड काही नाही. मधे रूपांतर करणारं मॉड्यूल लागतं.

खाली वाजतो, वर गप्प होतो

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि दर वेळी फिल्टरवर बालंट येतं. हिशेब करून बघू. चार-पोलचा, म्हणजे दर सप्तकाला २४ डेसिबल कापणारा लो-पास (खालचं जाऊ देणारा) फिल्टर. कटऑफ २२० हर्ट्झवर, रेझोनन्स शून्य, ट्रॅकिंग बंद. ११० हर्ट्झचा ए वाजवला की मूळ स्वर साधारण ४ डेसिबलने उतरतो. जाड, गोल बेस ऐकू येतो आणि सगळे खूश. त्याच सेटिंगवर ४४० चा ए वाजवा. आता मूळ स्वरच कटऑफच्या एक सप्तक वर आहे, तो २८ डेसिबलने पडतो. ८८० ला गेलात तर ४९ डेसिबल. त्याच्या वरचे हार्मोनिक तर विचारूच नका. फिल्टरला सांगितलेलं काम त्याने चोख केलंय.

उपाय कीबोर्ड ट्रॅकिंगचा. मिनिमूगवर त्यासाठी दोन स्विच आहेत, एक एक तृतीयांशाचा, दुसरा दोन तृतीयांशांचा. दोन्ही लावले की पूर्ण. पूर्ण ट्रॅकिंगवर पट्टी एक सप्तक वर गेली की कटऑफही एक सप्तक वर जातो आणि आवाजाचा पोत सगळीकडे तसाच राहतो. बेस आणि लीड एकाच पॅचवर वाजवायचे असतील तर दोन तृतीयांश बरं पडतं. पूर्ण ठेवलं की वरच्या पट्ट्या कानाला टोचायला लागतात.

ट्रॅकिंग खरंच चालतंय का, हे तपासायला वरचीच शिट्टी वापरा. ऑसिलेटर बंद, रेझोनन्स पूर्ण, ट्रॅकिंग पूर्ण, आणि ए, मग वरचा ए, मग त्याच्याही वरचा ए. शिट्टी दर वेळी सप्तकभर उडी मारायला हवी. थोडी कमीजास्त झाली तर फिल्टरचा ट्रॅकिंग ट्रिमर फिरवायचा. जागची हललीच नाही, तर मात्र स्विच किंवा वायर गेली आहे.

ट्रॅकिंगपेक्षा जास्त लोक अडकतात ते बेरजेत. कटऑफ एका नॉबवर ठरत नाही. नॉबचं व्होल्टेज, एन्व्हलप गुणिले अमाउंट, ट्रॅकिंग आणि एलएफओ या चारांची बेरीज फिल्टरला मिळते. यंत्र वजाबाकीचं, पण घोळ होतो तो बेरजेत. समजा नॉब २२० हर्ट्झवर आहे, एन्व्हलपचा अमाउंट तीन सप्तकांचा, फिल्टरचा सस्टेन निम्मा. अटॅक संपेल तेव्हा कटऑफ १७६० वर असतो आणि मग उतरून ६२२ च्या आसपास थांबतो. सुरुवात जरा जास्तच तीक्ष्ण वाटली म्हणून अमाउंट एका सप्तकावर आणला, की सुरुवात ४४० वर येते आणि सस्टेन ३११ वर. आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा होतो. सुरुवातीचं टोक कमी करायचं तर अमाउंट खाली आणि नॉब वर, असे दोन्ही हात एकदम फिरायला हवेत. या उदाहरणात अमाउंट दोन सप्तकांनी उतरवलात, तर नॉब एक सप्तक वर, ४४० वर न्या. सस्टेन पुन्हा ६२२ वरच थांबतो आणि सुरुवात ८८० वर बसते.

फिल्टरचा सस्टेन शून्य आणि नॉब तळाशी असेल, तर नोट लांब धरली तरी आवाज विझतो. अशा वेळी माणूस ॲम्प्लिफायरचा सस्टेन वाढवत बसतो. तो तर केव्हाचाच पूर्ण असतो.

रेझोनन्स वाढवला की बेस गळतो

मूगच्या लॅडर फिल्टरचा आणि त्याच्या घराण्यातल्या फिल्टरांचा हा स्वभाव आहे. रेझोनन्स म्हणजे फिल्टरच्या शेवटचा सिग्नल उलटा करून परत सुरुवातीला देणं. कटऑफपाशी प्रत्येक पोल सिग्नलची फेज (लहरीची वेळ) ४५ अंश फिरवतो, चार पोल मिळून १८०, म्हणून तिथे उलटा केलेला सिग्नल सुलटा होऊन भर घालतो. खालच्या स्वरांना मात्र हे फिरणं मिळत नाही, तिथे परत आलेला सिग्नल थेट वजा होतो. शिट्टी सुरू होण्याच्या बिंदूला फीडबॅक ४ पट असतो आणि खालचे स्वर पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे १४ डेसिबल खाली आलेले असतात. त्याच्या निम्म्या फीडबॅकलाही साडेनऊ डेसिबल गेलेले असतात.

मिक्सरची लेव्हल वाढवून थोडं परत मिळतं, पण सोबत ओव्हरड्राइव्ह येतो. तो आवडला तर प्रश्नच मिटला. निव्वळ आउटपुट व्हॉल्यूम वाढवू नका. कटऑफ एखाद्या हार्मोनिकवरून गेला की शिखर एकदम उसळतं आणि रेकॉर्डिंग फाटतं. स्वच्छ बेस हवाच असेल तर रेझोनन्स तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच ठेवा, किंवा ओबरहाइम एसईएम सारखा १२ डेसिबलचा स्टेट-व्हेरिएबल फिल्टर वापरा. तिथे खालचा भाग असा गळत नाही.

आवाज मधेच येतो, मधेच जातो

दोन कारणं, दोन्ही सेटिंगमधली.

पहिलं, दोन ऑसिलेटर जवळजवळ एका सुरात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित चुकल्या की जे हेलकावे ऐकू येतात, तेच इथे होतं. ६५.४ हर्ट्झच्या सी वर दोन ऑसिलेटरमध्ये ५ सेंटचा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा, सेमीटोनचा, शंभरावा हिस्सा) फरक असेल, तर मूळ स्वराचा हेलकावा साधारण सव्वापाच सेकंदांचा होतो. दर सव्वापाच सेकंदांनी दोन्ही लहरींचा मूळ स्वर एकमेकांना खातो आणि बेस पोकळ होतो. दुसरा हार्मोनिक दुप्पट वेगाने हलतो, तिसरा तिप्पट, त्यामुळे उघड्या फिल्टरवर हे सगळं झिलमिलतं आणि गोड वाटतं. फिल्टर बंद केला की वरचे हार्मोनिक जातात, उरतो फक्त मूळ स्वर आणि त्याचं येणंजाणं. तंबोऱ्यावर कान जुळलेल्या माणसाला हे एका नोटेत कळतं. त्याला वेगळा ट्यूनर लागत नाही.

बेसला एकच ऑसिलेटर ठेवा. वजन हवं असेल तर सब-ऑसिलेटर (खालच्या सप्तकातला जोड आवाज) वाढवा: एसएच-१०१ मध्ये तो मुख्य ऑसिलेटरलाच भागून तयार होतो, त्यामुळे त्याच्याशी कधी भांडत नाही. दोन हवेतच तर दुसरा सप्तकभर वर न्या.

दुसरं कारण पल्स-विड्थ, म्हणजे चौकोनी लहर एका फेरीत किती टक्के वेळ वर असते ते. विड्थ ५० टक्क्यांवर स्क्वेअर असतो, २५ वर चौथा, आठवा, बारावा हार्मोनिक गायब होतो, आणि शून्य किंवा शंभरला लहर उरतच नाही. नुसतं स्थिर व्होल्टेज, म्हणजे शांतता. नॉब आधीच ९० वर असताना एलएफओची खोली २० टक्के दिली, की दर फेरीला आवाज तुटतो. विड्थ ५० वर आणा आणि खोली अशी ठेवा की लहर १० आणि ९० च्या बाहेर जाणार नाही.

प्रत्येक नोटेला टक् होतं

मिक्सरमधले सगळे स्रोत शून्यावर आणा, रेझोनन्सही शून्य करा आणि पट्टी दाबा. टक् थांबलं, तर ते लहरीचं आहे: अटॅक शून्य असल्याने लहर मधूनच कापली जाते. उघड्या फिल्टरवर ते लपतं, काळवंडलेल्या मऊ बेसवर उघडं पडतं. अटॅक ३ ते ५ मिलिसेकंद, रिलीज १५ ते २० करा, बेसचा ठोकाही शाबूत राहतो.

स्रोत बंद असूनही टक् येत असेल, तर एन्व्हलपचं व्होल्टेज व्हीसीएमधून थेट आउटपुटमध्ये गळतंय. त्यासाठी बोर्डावर ट्रिमर असतो आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची जागा दिलेली असते. यंत्र अर्धा तास तापू द्या, हेडफोनवर ऐकत नोट भराभर वाजवा आणि टक् सर्वात बारीक होईल तिथे ट्रिमर सोडा. पूर्ण जाईलच असं नाही.

हार्मोनियमचा हात

पेटी वाजवणाऱ्यांची एक सवय इथे नडते. सा धरून ठेवायचा आणि वर स्वर फिरवायचे. मिनिमूग एका वेळी एकच नोट वाजवतो आणि प्राधान्य सर्वात खालच्या पट्टीला देतो. सा धरलेला असेपर्यंत वरच्या पट्ट्या मुक्या. शिवाय आधीची पट्टी सुटल्याशिवाय एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही, म्हणून एकमेकांवर रेंगाळणाऱ्या बोटांनी वाजवलं की पहिल्या नोटेलाच ठोका मिळतो, पुढच्या सपाट. प्रत्येक पट्टी सोडून पुढची दाबा. नव्या सिंथमध्ये प्राधान्य 'शेवटची नोट' आणि ट्रिगर 'मल्टी' (प्रत्येक पट्टीला नवं एन्व्हलप) करायची सोय मेन्यूत सापडते.

सूर सरकतो

चालू केल्यावर निदान २० मिनिटं, जुन्या यंत्राला अर्धा तास द्या. एसीचा झोत थेट अंगावर नको. ऑसिलेटरमधला जो ट्रान्झिस्टर सप्तकांचं गणित करतो तो तापमानाच्या दर अंशाला ०.३३ टक्के बदलतो, म्हणून त्याला चिकटून तेवढ्याच प्रमाणात बदलणारा रेझिस्टर बसवलेला असतो. तो नसता तर १० अंशांच्या फरकात, संदर्भ स्वरापासून तीन सप्तकं दूर, सव्वा सेमीटोनच्या आसपास चूक झाली असती. दुरुस्तीत कुणी तिथे साधा रेझिस्टर ठोकला असेल तर सिंथ जन्मभर बेसूर राहणार.

सगळा सिंथ एकसारखा उतरला असेल तर ट्यून नॉब पुरे. सप्तकं जुळत नसतील तर मल्टिमीटर काढा. कीबोर्डच्या सीव्ही आउटला (सुराचं व्होल्टेज बाहेर देणाऱ्या जॅकला) लावा आणि एकेक सप्तक वर जा. एमएस-२० सारखे अपवाद सोडले तर दर सप्तकाला नेमका १ व्होल्ट वाढायला हवा. एक सेमीटोन म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट, १० मिलिव्होल्टची चूक म्हणजे १२ सेंट. व्होल्टेज चुकलं तर दोष कीबोर्डकडे, व्होल्टेज बरोबर आणि सूर चूक तर ऑसिलेटरचा स्केल ट्रिमर. ११० वाजवून ट्यून नॉबने जुळवा, ४४० वाजवून स्केल ट्रिमरने जुळवा, परत ११० वर या. तो आता हललेला असेल. ही येरझार चार-पाच वेळा करावी लागते. सर्वात वरच्या सप्तकासाठी वेगळा ट्रिमर असेल तर तो शेवटी.

रोलँडच्या जुनो-१०६ मध्ये ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, तिथे सूर सरकण्याचा प्रश्न नाही. तिथली प्रसिद्ध तक्रार वेगळी: एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सहा आवाजांपैकी एक खरखरतो, अडकतो किंवा मुका होतो. 'की ट्रान्सपोज' दाबून धरून यंत्र चालू करा. टेस्ट मोडमध्ये वाजणाऱ्या आवाजाचा क्रमांक पडद्यावर दिसतो. क्रमांक कळला की त्या जागची ८००१७ए ही चिप, जिच्यात फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही असतात, बदलायची. तिच्यावरचं काळं एपॉक्सी ॲसिटोनमध्ये भिजवून काढणारेही आहेत. कधी साधतं, कधी नाही. नवीन बनावटीची पर्यायी चिप बसवली की सहसा परत उघडायला लागत नाही.

गुणगुण, वीज आणि पावसाळा

५० हर्ट्झची गुणगुण 'जी' या स्वरापेक्षा थोडी चढी ऐकू येते; व्हीसीए बंद असतानाही ती येत असेल तर केबल किंवा ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेली तर तोच. सप्तकभर वर, १०० हर्ट्झची असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. बाहेरून आणलेला जुना जपानी सिंथ १०० व्होल्टचा असतो, अमेरिकन १२० चा. मागचा आकडा वाचल्याशिवाय आपल्या २३० च्या सॉकेटला लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सेमी-मॉड्युलर सिंथवर एक चकवा हमखास होतो. पॅच केबल काढली तरी आवाज परत येत नाही. जॅकच्या आत एक छोटी पाती असते. प्लग नसताना ती आतली जोडणी चालू ठेवते, प्लग घातला की तोडते. दमट हवेत पातीवर काट चढते आणि प्लग काढल्यावर ती टेकूनही जोडत नाही. ऑसिलेटर, फिल्टर, व्हीसीए सगळं धडधाकट, पण आतली वाट तुटलेली. बाहेरून केबल लावून तेच दोन जॅक जोडले की आवाज लगेच येतो, तेव्हा ओळखायचं. यंत्र बंद करून विजेचा प्लग काढा, मग जॅकमध्ये रिकामा पॅच प्लग १०-१५ वेळा आतबाहेर करा. तेवढ्याने नाही झालं तर प्लगच्या टोकाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब लावून पुन्हा तेच. स्प्रेची नळी जॅकमध्ये खुपसून फवारू नका, बोर्डावरचा धूळमिश्रित चिखल शेजारच्या पॉटमध्ये (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये) जातो. गंज घालवायचा घरगुती स्प्रे तर अजिबात नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि पुढच्या श्रावणात तीच तक्रार दुप्पट होऊन येते.